पूर्वेच्या दारातली शिंक

बेल्याहून पैनगंगेच्या अंगाला निघालं की दोन कोसांवर आमचं गाव लागतं, आणि गावात शिरताच उजव्या हाताला यशवंतरावांचं घर. सरकारी कागदावर त्यांचं आडनाव काही का असेना, गावात ते कुणी वापरत नाही. गाव त्यांना ‘बसापाणी’ म्हणतं. बसापाणीचा पंढरी, बसापाणीची सून, बसापाणीचे बैल.

त्याचं कारण त्या घराच्या दारात आहे. दार पूर्वेला. पणज्यानं घर बांधताना पूर्वेचं दार शुभ म्हणून ते अगदी नेम धरून सूर्यासमोर बसवलं. आत हातभर जाड मातीच्या भिंती, रस्त्याकडं एकही खिडकी नाही. सकाळी आठला सुई ओवायची तर दिवा लावावा लागतो. आणि उंबरा ओलांडला की ओसरी नाही, छप्पर नाही, थेट अंगण आणि डोळ्यांत ऊन. त्या अंधारातून त्या उजेडात पाऊल पडलं की घरातलं कुणी ना कुणी शिंकतंच. निघताना शिंक झाली तर माघारी फिरायचं, खाली बसायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं, हा यशवंतरावांचा नियम. त्यांच्या वडिलांचाही हाच होता. आता पुन्हा निघालं की पुन्हा तेच दार आणि तेच ऊन. दुसरी शिंक. पुन्हा बसा, पाणी प्या.

त्यामुळं हे घराणं गावात आळशी आणि उशिरा येणारं म्हणून प्रसिद्ध. कुणाच्या लग्नाला निघाले तर अक्षता पडून पंगत बसलेली असायची. खरं तर पहाटे चारला उठणारी, कापसाच्या शेतात मरमर राबणारी ही माणसं; पण एकदा नाव पडलं की पडलं.

गंमत अशी की सवय शिंकणाऱ्यांनाच लागली असं नाही. यशवंतरावांचा मुलगा पंढरी, त्याची बायको जयवंताबाई बोथ गावची. तिच्या माहेरी उन्हाला पाहून कुणी शिंकत नाही, तीही कधी शिंकली नाही. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि आता ती एकटी बाजाराला निघाली, घरात चिटपाखरू नसलं, तरी उंबऱ्यापाशी बसून दोन घोट पाणी घेतल्याशिवाय तिचे पाय पुढं पडत नाहीत. आणि बैल. बादल आणि लखन्या ही जोडी वासरं होती तेव्हापासून याच अंगणात वाढली. गाडी जुंपली, कुणी शिंकलं, की ती उभी राहतात. तांब्यावर भांडं ठेवल्याचा टण्ण आवाज आला की चालू लागतात. त्यांना कुणी हे शिकवलं नाही. रोज पाहून पाहून त्यांच्या अंगात भिनलं.

एकच माणूस या सगळ्यातून सुटलेलं होतं. यशवंतरावांची धाकटी बहीण राहीबाई. पोरपणी सगळ्यांत जास्त तीच शिंकायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मुधोळकडं गेली आणि तिची शिंक बंद झाली ती कायमची. यशवंतराव हे प्रत्येक पाहुण्याला सांगत. सासर पुण्यवान लागलं, राहीचा दोष गेला, असं त्यांचं म्हणणं. राहीबाईचा नातू प्रवीण मोटारसायकलवरून उतरून काळा चष्मा काढला की धडाधड शिंकतो, हे ते पाहत होते. पण ते त्यांच्या मते धुळीनं.

आता या घरात कसला पेच पडला होता तो सांगतो.

हनुमान जयंतीच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. सात दिवसांच्या नामाचा तो कळस. बावीस वर्षांपूर्वी ते कीर्तन पंढरीला मिळालं होतं. पोरगा गळ्यानं गोड, पाठांतर पक्कं, सहा महिने तयारी केलेली. त्या सकाळी घरात पाच वेळा शिंक झाली आणि यशवंतरावांनी त्याला पाच वेळा बसवलं. तो देवळात पोचला तेव्हा दुसरेच एक महाराज उभे राहून पूर्वरंग संपवत आले होते.  पंढरीनं टाळकऱ्यांच्या ओळीत जाऊन टाळ उचलले, आणि तेव्हापासून तो टाळकरीच आहे. कीर्तनाला उभं राहा म्हणून कुणी आग्रह केला तर हसून मान हलवतो.

यंदा ते कीर्तन त्याच्या लेकीला, पूनमला मिळालं. पूनम आदिलाबादच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. चार उन्हाळे मुधोळच्या भगवंतराव महाराजांच्या शिबिरात जाऊन ती कीर्तन शिकली. तिचा आवाज बापाचाच, फक्त एक पट्टी वर. पंचांनी तिला मान दिला, पण घर ओळखून अट घातली: साडेनऊला वीणा घेऊन गादीवर उभं राहायचं. एक मिनिट उशीर झाला तर खास आशीर्वादाला येणारे भगवंतराव महाराज उभे राहतील. काल्याची हंडी बाराच्या ठोक्यालाच फुटली पाहिजे; दोनशे माणसं सकाळपासून उपाशी असतात.

पूनमनं आठवडाभर आधीच आजोबांना समजावून पाहिलं होतं. तिच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक तेलुगू मॅडम आहेत. अंधाऱ्या प्रयोगशाळेतून मैदानात आलं की पूनम शिंकते आणि शेजारी त्याही शिंकतात. तिथून ओळख वाढली. मॅडमनी तिला सांगितलं होतं की काही घराण्यांत हे रक्तातून चालत येतं. आई किंवा बाप असा असला तर साधारण निम्म्या पोरांत उतरतं. डोळ्याची नस आणि नाकाची नस मेंदूत जवळजवळ जातात, एकीतला उजेड दुसरीत सांडतो, असा अंदाज आहे. शास्त्रज्ञांचंही पूर्ण एकमत नाही. यशवंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनी आयुष्यात एकदाच शिंक मानली नाही, त्या दिवशी नाल्यात गाडी उलटली आणि ते मरेपर्यंत लंगडले. पूनमला कळून चुकलं. आजोबा हट्टी नव्हते, भ्यालेले होते. तिच्या पायांसाठीच भ्यालेले होते.

काल्याची सकाळ उजाडली. गावाची रीत अशी की काल्याच्या कीर्तनकाराला घरून बैलगाडीत न्यायचं. घरापासून देवळापर्यंत त्याचे पाय मातीला लागू द्यायचे नाहीत. गाडीला आंब्याचे डहाळे बांधले, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. सव्वाआठला पूनम तयार. पांढरं नऊवारी, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाडीनं पंधरा मिनिटांवर. पंढरीनं तिला कडेवर घेतल्यासारखं उचलून गाडीत ठेवायचं, एवढंच उरलं होतं.

पूनम उंबऱ्यात आली आणि शिंकली.

सगळे माघारी फिरले. बसले. पाणी झालं. दुसऱ्या खेपेला पंढरी शिंकला. तिसऱ्या खेपेला खुद्द यशवंतराव. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले. पंढरी मांडीवर टाळ घेऊन बसला होता, आणि टाळ वाजू नयेत म्हणून त्यानं दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरले होते. पूनमला ते हात दिसले. 

तिनं मान वळवली तर समोर राहीआजी. सप्ताहासाठी माहेरी आलेली. तिन्ही खेपा ती सगळ्यांच्या पुढं अंगणात जाऊन आली होती, आणि तिन्ही खेपा तिला काही झालं नव्हतं. पदर भुवयांपर्यंत ओढलेला, नजर पायाखाली. जयवंताबाई तिला आठ दिवस चिडवत होती की आत्याबाई, हे तुमचं माहेर हाय, इथं कोणाचा धाक, पदर मांगं घ्या. राहीबाई म्हणायची, घेते माय. आणि बोलता बोलता हात आपोआप वर जाऊन पदर पुन्हा खाली यायचा. बावन्न वर्षांची सवय. हाताला सांगावं लागत नव्हतं.

पूनम तिच्याकडं पाहतच राहिली.

“राहीआजी, तुमी लगन झाल्यापासून शिंकल्या नाई ना?”

“नाई व माय. तुहे आबाजी गावभर सांगून राह्यले ते.”

“अन् पदर कवापासून इतका खाली?”

राहीबाईनं पदर चाचपला. “लगनापासूनच. सासरा मोठा कडक होता. आता तो जाऊन तीस वर्ष झाले, पदर काही वर गेला नाई.”

“आज एक खेप मांगं घ्या. दारात उभ्या राहा अन् सूर्याकडे पाहा.”

“ह्या वयात कायले मले नाचवतं,” राहीबाई म्हणाली, पण उठली. भावाकडं एकदा पाहिलं. यशवंतरावांनी हातानंच ‘जा’ म्हटलं; ती शिंकणार नाही याची त्यांना खात्रीच होती. ती उंबऱ्यात उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी पदर मागं सारला. पांढऱ्याशुभ्र केसांवर ऊन पडलं. तिनं हनुवटी वर केली.

काही झालं नाही. जयवंताबाईनं श्वास सोडला. यशवंतरावांची मान हळूच होकारार्थी हलली.

मग राहीबाईचं तोंड उघडलं. नाकपुड्या फुलल्या, डोळे बारीक झाले, “आं... आं...” असा लांबलचक सूर लागला आणि शेवटी उतरंड कोसळावी तसा आवाज झाला. अंगणातलं कुत्रं पळालं. लगेच दुसरी. मग तिसरी.

ती तशीच उंबऱ्याला धरून उभी राहिली, आणि वळली तेव्हा हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“दादा, ही आपल्या बाबाची शिंक हाय. आयकली का? आंआं करत, तशीच.” तिनं पदरानं नाक पुसलं. “म्या समजत होती का माहेराहून मले एक पितळेची घागरच भेटली. हेबी संगं आलतं.”

यशवंतराव बहिणीकडं बघत राहिले. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तो आवाज त्यांनी परत ऐकला होता, आणि ऐकून काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

“मंग तुहा दोष गेला नव्हता?” ते म्हणाले.

“दोष असता त बावन वर्षात त्यानं काही करून दाखवलं असतं ना. चार लेकरं झाले, नातू झाले, शेत पिकलं. तो बिचारा पदराखाली निजून होता.”

 यशवंतरावांनी घड्याळाकडं पाहिलं, मग भिंतीला टेकून बसलेल्या लेकाकडं.

“पंढरी. त्या साली म्या तुले किती खेपा बसवलं होतं रे?”

“पाच,” पंढरी म्हणाला. बावीस वर्षांत घरात तो आकडा पहिल्यांदाच उच्चारला गेला.

म्हातारा उठला. वाकून त्यानं तांब्या उचलला. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा पाणी. पण त्यानं तांब्यावर भांडं पालथं घातलं, तो काखेत धरला आणि उंबरा ओलांडून सरळ गाडीत जाऊन बसला. जाताना शिंकलाही, आणि बसता बसता तांब्यावरचं भांडं वाजलं. मागं वळून पाहिलं नाही.

“चला लवकर,” गाडीतून आवाज आला. “नऊ वाजून दहा मिनटं झाले.”

पंढरीनं लेकीला उचलून गाडीत ठेवलं आणि कासरा हातात घेतला. रस्त्यावरच्या निंबांच्या सावलीतून गाडी निघाली, घुंगरं वाजू लागली. पूनम मनात पूर्वरंग घोळवत होती. वळणापाशी सावली संपली, ऊन एकदम डोळ्यांत आलं आणि ती शिंकली.

बादल आणि लखन्या जागच्या जागी थांबले.

पंढरीनं कासरा झटकला, जिभेनं टकटक केलं, शेपट्या पिरगाळल्या. बैल जणू दगडाचे. शास्त्र यशवंतरावांना पटलं होतं, बैलांना नव्हतं. जयवंताबाईनं तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलू लागले.

“आबाजी,” पूनम म्हणाली, “आता ह्या बैलायले कोण समजावन?”

“यायले समजावायचं काम नाई,” यशवंतराव म्हणाले. ते सावकाश खाली उतरले, बैलांसमोर जाऊन उभे राहिले, भांड्यात पाणी ओतून प्यायले आणि भांडं तांब्यावर टण्णकन ठेवलं. बैल चालू लागले. म्हातारा धावत येऊन गाडीत चढला.

वळणापासून देवळापर्यंत रस्त्याला तीन चिंचा आणि एक वड. प्रत्येक झाडाखाली सावली आणि प्रत्येक सावलीच्या पलीकडं ऊन. पूनम डोळे मिटून बसली तर पंढरी शिंकला, पंढरीनं मान खाली घातली तर राहीबाई; तिची तर बावन्न वर्षांची बाकी राहिली होती आणि पदर मागं घेतल्यावर तिला तो पुढं ओढायचं मनच होईना. यशवंतराव चारदा उतरले आणि चारदा पाणी प्यायले. चौथ्या खेपेला तांब्या रिकामा होता, तरी त्यांनी पिण्याचा देखावा पूर्ण केला.

देवळाच्या कमानीपाशी गाडी पोचली तेव्हा नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती.

पूनमनं आत पाहिलं. मांडव भरलेला, टाळकरी उभे, पखवाजाला कणीक लावून झालेली. गादीवर कुणीच नव्हतं. गादीच्या शेजारी, खांबाला टेकून, भगवंतराव महाराज मांडी घालून बसले होते. वीणा मांडीवर, हातात पाण्याचा पेला. पंच अमृतराव त्यांच्यासमोर घड्याळ बघत उभे, चेहरा कडू.

काय झालं ते नंतर टाळकऱ्यांनी सांगितलं. बरोबर साडेनऊला अमृतराव म्हणाले, महाराज, उभे राहा. महाराजांनी वीणा उचलली, गादीकडं एक पाऊल टाकलं आणि शिंकले. मग परत जाऊन बसले आणि पाणी मागितलं. अमृतरावांनी विचारलं, हे काय. महाराज म्हणाले, ज्या गावात यावं तिथली रीत पाळावी. पाणी सावकाश प्यायले. उठले, पाऊल टाकलं, पुन्हा शिंकले. मुधोळचे भगवंतराव महाराज सत्तर वर्षांत कधी उन्हाला शिंकले नव्हते, आणि मांडवात तर ऊनही नव्हतं. ती शिंक खरी की कशी, ते पांडुरंगाला ठाऊक. संतसज्जनांच्या लीलेची चौकशी करू नये.

पूनमला पाहून त्यांनी पेला खाली ठेवला. “ये बाई,” ते म्हणाले, “माझं पोट आता पाण्यानंच भरलं.” आणि वीणा तिच्या गळ्यात घातली.

कीर्तन कसं झालं ते सांगायला मी अपुरा आहे. पहिल्या नामाच्या गजराला मांडवाच्या दोऱ्या थरथरल्या. पूर्वरंगात ती थोडी घाईत होती, पण उत्तररंगाला सूर असा लागला की मागं बसलेल्या बाया लेकरांना पाजायचं विसरल्या. मध्येच तिनं वीणा हातावर तोलून धरली आणि म्हणाली, “मंडळी, ही वीणा मी घडवली नाही. लाकूड ज्याचं त्यानं दिलं, तारा ज्यानं लावायच्या त्यानं लावल्या. हवा गरम झाली की तार उतरते, त्यातही माझा हात नाही. माझ्या हाती एवढंच, की उतरलेली तार ओळखायची, खुंटीचा कान पिळायचा, आणि नाव त्याचंच घ्यायचं. आपल्या देहाचं काय वेगळं आहे?” मग तिनं आपल्या घराच्या पूर्वेच्या दाराची गोष्ट सांगितली, बैलांसकट. मांडव हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यांत जास्त यशवंतराव हसले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

पंढरी तिच्या मागं, उजव्या हाताला, टाळ धरून उभा होता. मांडवाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी सरकत सरकत त्याच्या तोंडावर आली. तो शिंकला. शिंक बरोबर समेवर पडली. टाळ थांबले नाहीत. पूनमनं मागं न बघताच ओळखलं आणि तीच ओळ बापाकडं सोडली. पंढरीनं ती उचलली. बावीस वर्षांनी गावानं त्याचा मोकळा आवाज ऐकला. एकच चरण म्हणाला तो, पण पुरा म्हणाला.

बाराला सगळे देवळाच्या अंगणात आले. दहीहंडी उंच बांधलेली, डोक्यावर चैत्राचा सूर्य. हंडी फुटायची वाट पाहत दोनशे माणसांनी माना वर केल्या. आणि मग एकामागून एक, राहीबाई, यशवंतराव, पंढरी, पूनम, सकाळीच मुधोळहून आलेला प्रवीण, सगळे शिंकले. राहीबाईची सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत मोठी. त्या गोंधळात काठी लागून हंडी फुटली, दही-लाह्या अंगावर आल्या, नामाचा गजर झाला. घरातलं कुणी बसलं नाही.

फक्त जयवंताबाई, जी जन्मात कधी उन्हाला शिंकली नाही, गर्दीतून वाट काढत तांब्या भरून घेऊन आली होती, आणि आता पाणी कुणाला द्यावं ते न कळून उभी होती. भगवंतराव महाराजांनी तिच्यापुढं ओंजळ धरली. ही तहान मात्र खरी होती. दोन तास गजरात गाऊन त्यांचाही गळा कोरडा पडला होता.